प्रकरण चौदावे : उस्तांच्या सतरा हरकती

जेवणाच्या टेबलावर अकरा माहितीपत्रकं होती. सहा मम्दूहने आणली होती, चार वजदीने, आणि अकरावं कोणी आणलं ते कळायला मार्ग नव्हता, कारण इन्शिराहने ते गरम ताटाखाली घातलं होतं. नऊ मुखपृष्ठांवर पांढरी हॅट घातलेली बाई तरणतलावाकाठी पहुडलेली होती; दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या मुखपृष्ठांवर तर बाईही तीच होती, फक्त हॅट बदललेली. याशिवाय भाजलेले बोईट आठ, कालवांचा वाडगा एक, भाताचं पातेलं एक, चालू मोबाइल सहा, माणसं सात. वजदी आणि रावया या सख्ख्या भावाबहिणींनी एकमेकांशी थेट न बोलण्याचा आज पंचविसावा दिवस होता.

रावयाच्या मुलीने, रनीमने, हे सगळं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन तिला दहा महिने झाले होते, आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येक भांडणात तिच्याकडे हेच काम येई. नोंद ठेवणं.

"आई, रावयाला सांग," वजदी कालव उघडत म्हणाला. रावया त्याच्यासमोर दीड हातावर बसली होती. "म्हणावं, कोराल्ला ग्रांदे. सतरा मजले. चार हजार शंभर माणसं. पाण्याच्या घसरगुंड्या सहा. माझ्या जुळ्यांना आठ दिवस दुसरं काही दाखवावं लागणार नाही."

"आई, वजदीला सांग," रावया म्हणाली, "चार हजार शंभर माणसंच बघायची असतील तर संध्याकाळी पाच वाजता फेरीबोटीवर उभं राहावं. पोर्ट सईदहून पोर्ट फुआदला येईपर्यंत मोजून होतील."

"सांगितलं," इन्शिराह दोघांनाही म्हणाली आणि भात वाढत राहिली.

रमजानच्या पहिल्या दिवशी आईने रोजा कोणाच्या घरी सोडायचा, यावरून सुरू झालेलं हे प्रकरण ईदला पूर्ण पेटलं होतं, आणि त्या दिवसापासून तीच दोघांचं तारयंत्र झाली होती. पाच जूनला तिच्या आणि उस्ता बहगत यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. मुलांनी सगळ्यांना घेऊन क्रूझवर जायचं ठरवलं होतं. 'जायचं' यावर दोघांचं एका मिनिटात एकमत झालं. 'कुठल्या जहाजाने' यावर तीन आठवडे गेले. मम्दूहच्या ओळखीच्या प्रवास-कचेरीने तीन जहाजांवर केबिनी धरून ठेवल्या होत्या, त्या आज संध्याकाळी सहापर्यंतच.

"आता माझं ऐका," मम्दूह म्हणाला. तो रावयाचा नवरा, बंदरातल्या गोदामावर कारकून, आणि आत्ता दुसऱ्या बोईटावर होता. "हान्सेलिना. जर्मन जहाज. बुफे चोवीसपैकी एकवीस तास उघडा. उरलेले तीन तास लादी पुसतात. याला म्हणतात शिस्त."

"तुम्हाला तीन तास करमेल का पण?" रावयाने विचारलं.

"झोपेन की."

रावयाला अस्पासिया हवं होतं. लहान ग्रीक जहाज, सहाशे चाळीस माणसं, आठवड्यात सहा बेटं. बावीस वर्षं ती शाळेत भूगोल शिकवत होती आणि ही बेटं तिने छडीच्या टोकाने हजारदा दाखवली होती. एकावरही पाय ठेवला नव्हता.

"यातल्या कुठल्या जहाजाच्या पुढच्या टोकापर्यंत जाता येतं?" इन्शिराहने विचारलं.

तीन आठवड्यांत तिने विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"पुढच्या टोकाला काय आहे, हाज्जा?" मम्दूह सासूला म्हणाला. "तिथे दोरखंड असतात. बुफे मागे असतो."

"तिथे हे छत्तीस वर्षं बसले," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "तिथून काय दिसतं ते मला एकदा बघायचंय."

रनीमच्या तक्त्यात केबिनीच्या क्षेत्रफळापासून नळाच्या गरम पाण्यापर्यंत चौदा रकाने होते. हा नव्हता. तिने तीनही माहितीपत्रकं बारीक अक्षरांपर्यंत वाचली. "कोराल्लावर नाही, आजी. हान्सेलिनावर पण प्रवाशांना तिथे बंदी. अस्पासियावर चक्क बाकं टाकलीयत."

"मग ते," इन्शिराह म्हणाली आणि लिंबं आणायला आत गेली. तिच्यापुरता विषय संपला होता.

बाकीच्यांचा संपणं शक्य नव्हतं, कारण या घरात जहाजाबद्दल शेवटचा शब्द उस्तांचा असे. कालव्यातून अंधारात जाणाऱ्या जहाजाच्या पुढच्या टोकावर मोठा सर्चलाईट लावतात आणि तो सांभाळायला कालव्यावरचा वीजतंत्री जहाजावर चढतो. कालव्यावर कसबी कारागिराला उस्ता म्हणतात; उस्ता बहगत असे पाच हजार दोनशे आठ जहाजांवर चढले होते. कुठल्या देशाचं जहाज चहा कसा देतं, कुठला कप्तान दिव्याला घाबरतो, कुठल्या जहाजाचा रंग बघून त्याच्या मालकाची बायको भांडखोर आहे हे कळतं, या गोष्टी ऐकतच दोन पिढ्या शुक्रवारचे मासे जेवल्या होत्या.

"बाबा, बोला," वजदी म्हणाला.

उस्तांनी चष्मा लावला. कोराल्लाचं माहितीपत्रक त्यांनी हातभर लांब धरलं.

"हे जहाज नाही. ही उभी केलेली वसाहत आहे. आडवा वारा आला की पतंग."

रनीमने लिहिलं : एक.

"घसरगुंडीचं पाणी वर चढवलं. म्हणजे वजन वर. वजन वर म्हणजे…" त्यांनी पंजा हळूहळू कलता केला आणि टेबलावर पालथा पाडला. "खिडक्या जास्त. चहा कागदी पेल्यात. आणि रंग बघ, कोरा करकरीत. एवढा रंग कोण लावतं? ज्याला काही झाकायचंय तो."

पाच.

हान्सेलिनाला तीन हरकती मिळाल्या. जर्मन लोक चहात लिंबू पिळतात, आतले दिवे पिवळे, आणि शिटी बायकी.

"शिटी चित्रात कशी ऐकू आली?" मम्दूहने विचारलं.

"छत्तीस वर्षांनी येते."

अस्पासियाच्या वेळी मात्र उस्तांना जोर चढला. धुरांडं तिरकं. शिडी चुकीच्या बाजूला. लहान जहाज म्हणजे लहान मनाचा कप्तान. ग्रीक खलाशी कामाच्या वेळी गातात. नांगर शोभेचा. अशा आठ झाल्या. नववी हरकत काय, असं रनीमने विचारल्यावर ते म्हणाले, "ती सांगणार नाही. धंद्यातली आहे." आणि चहाचा पेला घेऊन सज्जात गेले.

सज्जातून कालव्याचं तोंड दिसत होतं. एक कंटेनरचं जहाज आत शिरत होतं, एवढं सावकाश की ते थांबलंय आणि शहरच मागे सरकतंय असं वाटावं. उस्तांनी त्याच्याकडे पाहिलं आणि नेहमीसारखी त्यांना त्याची दया आली. बिचारं बाहेरून आलं होतं.

बाहेर काय असतं ते त्यांना माहीत होतं. अकरा मिनिटं माहीत होतं. ब्याऐंशी साली दगडी बांधाच्या बाहेर नांगरलेल्या एका जहाजावर दिवा पोचवायला त्यांना लाँचमधून पाठवलं होतं. जहाज गाठेपर्यंत त्यांनी सर्चलाईटच्या कापडी खोळीत जे केलं ते फक्त सोबतच्या वीजतंत्र्याने, शहाताने, पाहिलं. दुसऱ्या दिवशी करार झाला. बाहेरची सगळी कामं शहाताने करायची आणि त्याच्या बदल्यात रमजानमध्ये रोजा सोडायच्या वेळेची शहाताची पाळी बहगतने करायची. करार एकोणतीस वर्षं टिकला. शहाता वारून नऊ वर्षं झाली होती. गुपित त्याच्याबरोबर वाळूत सुरक्षित होतं.

आणि आता बायको पन्नास वर्षांत पहिल्यांदा काही मागत होती.

"आजोबा," रनीम वही घेऊन दारात उभी होती. "तुमच्या हरकती सतरा झाल्या."

"कमीच आहेत."

"मी त्या तक्त्यात टाकल्या. केबिनीशी जुळत नाहीत, जेवणाशी जुळत नाहीत, जहाजाच्या वयाशी पण नाहीत. मग मी एक नवा रकाना केला. सलग किती तास जमीन दिसत नाही. हान्सेलिना चौदा तास, हरकती तीन. कोराल्ला सव्वीस तास, पाच. अस्पासिया चव्वेचाळीस तास, नऊ." तिने आलेख पुढे केला. "दर पाच तासांना साधारण एक हरकत. सरळ रेषा येते."

उस्तांनी रेषेकडे पाहिलं. रेषा खरोखरच सरळ होती.

"आजोबा, तुम्हाला बोट लागते?"

"हळू बोल! खाली दारवान आहे. त्याचा भाऊ अजून दिव्यांच्या खात्यात आहे."

"पण तुम्ही पाच हजार दोनशे आठ…"

"कालव्यात लाट नसते, पोरी. कालवा म्हणजे हमरस्ता. मी पाच हजार दोनशे आठ वेळा रस्त्याने गेलो." त्यांनी तिला शहाताचं सगळं सांगितलं, खोळीसकट.

रनीमला हसू येत होतं, पण तिने ते बाजूला ठेवलं. "मग आजीला सांगून टाका ना."

"पन्नास वर्षं तिला सांगतोय की समुद्र मला ओळखतो. आता काय सांगू? ओळखतो, पण चांगला नाही?"

"मी चौथं जहाज टाकते," रनीम म्हणाली. "नाईलवरचं. लक्सर ते अस्वान. जमीन न दिसण्याचे तास शून्य."

"लाट?"

"पेल्यातल्या चहाला येते तेवढी."

"तुला पदवी उगाच नाही दिली त्यांनी," उस्ता म्हणाले.

पाच मिनिटांनी आत गदारोळ झाला.

"नाईल?" रावया ओरडली. "दरवर्षी नववीच्या मुलींना घेऊन जाते मी नाईलवर! आईबाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मी पुन्हा सेहेचाळीस मुली मोजू?"

"उत्तम जहाज आहे," उस्ता ठामपणे म्हणाले.

"बाबा, तुम्ही अजून चित्र पाहिलं नाही."

"नावावरून कळतं."

"अजून नाव सांगितलं नाही, आजोबा," रनीम पुटपुटली.

"आई," वजदी म्हणाला, "रावयाला सांग की आयुष्यात पहिल्यांदा ती बरोबर बोलली. माझ्या मुलांना मी मंदिरं दाखवू? ती घसरगुंडी समजून चढतील खांबांवर!"

"वजदीला सांग, धन्यवाद. आणि सांग, नाईल झाली तर आम्ही दोघंही येणार नाही."

"दोघंही म्हणजे कोण कोण?" मम्दूहने घाईघाईने विचारलं. त्याने मोबाइलवर नाईलच्या जहाजाचा बुफे उघडला होता आणि त्याचा पक्ष डळमळत होता. भरलेलं कबूतर दिसत होतं.

इन्शिराह लिंबाची ताटली घेऊन दारात उभी होती. तिला नातीचा आलेख बघायची गरज नव्हती. ब्याऐंशी साली ती खोळ तिनेच धुतली होती. दोनदा धुतली, तिसऱ्यांदा निळीत बुडवली, आणि वाळत घालताना वाट पाहिली की हा आता सांगेल. संध्याकाळी त्याने सांगितलं की नव्या दिव्याच्या यंत्राला तेलाची गळती आहे. तेलात भात नसतो, हे ती म्हणाली नाही. विचारलं असतं तर त्याने उत्तर दिलं असतं. पण उत्तर वेगळं आणि आपणहून सांगणं वेगळं. तिला सांगणं हवं होतं. त्रेचाळीस वर्षं झाली, तिने अजून विचारलं नव्हतं.

"हे बघा," वजदी उभा राहिला, "इथे घाबरायचं कारण काय आहे? आपण बंदराची माणसं. आपल्या रक्तात समुद्र आहे. बोट लागलीच तर या घरात एकाच माणसाला लागेल." त्याने बायकोकडे, दालियाकडे, पाहून डोळा मारला. "आणि ती बिचारी तांताची. तिथे सर्वांत मोठी लाट म्हणजे म्हशीने पाटात मारलेली उडी."

सगळे हसले. मम्दूह जास्त हसला.

दालिया ताटं गोळा करत होती. या घरात येऊन तिला बारा वर्षं झाली होती. मासा कसा सोलावा इथपासून वाऱ्याची दिशा कशी ओळखावी इथपर्यंत तिला प्रत्येकाने शिकवलं होतं, आणि दर शुक्रवारी तांताची म्हैस एकदा तरी टेबलावर येई. आज जुळी मुलं तांतालाच होती, आजीकडे. म्हणजे मुलांसमोर बोलायचं नाही, हा तिचा नियम आज लागू नव्हता. तिने ताटं खाली ठेवली.

"भावोजी, तुमच्या त्या मित्राची लाँच आज धक्क्यावर आहे?"

"अश्मावीची? आहे. परवाना पण आहे. का?" मम्दूहने विचारलं.

"तीन वाजलेत. चला सगळे. दगडी बांधाच्या बाहेर एक तास. मग बघू कोणाच्या रक्तात समुद्र आहे आणि कोणाच्या म्हैस."

"वहिनी!" रावयाचे डोळे चमकले. "मी येते."

"मी तर येणारच," वजदी म्हणाला. "पिशवी घेऊन ठेव, दालिया. दोन घे." त्याचं औषधाचं दुकान होतं, गिऱ्हाइकं त्याला डॉक्टर म्हणत. बोट लागण्यावरच्या गोळ्या त्याच्या कपाटात तीन कंपन्यांच्या होत्या; पर्यटकांना तो त्या स्वतः समजावून देई. खिशात एकही टाकावी असं त्याला वाटलं नाही.

"थांबा," उस्ता म्हणाले.

ते उभे होते. एक हात टेबलावर, कोराल्लाच्या तलावावर. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"मला बोट लागते," ते म्हणाले.

रनीमने वहीत वेळ टिपली.

मग वजदी खो खो हसला. "बघा! बघा! सुनेची लाज राखायला बाबांनी स्वतःवर घेतलं!"

"मी खरं सांगतोय."

"याला म्हणतात मोठेपणा!" मम्दूहने उठून त्यांच्या कपाळाचं चुंबन घेतलं. "अल्लाची शपथ, असा सासरा शोधून सापडणार नाही."

"ब्याऐंशी साली मी दिव्याच्या खोळीत…"

"पुरे, बाबा, रडवाल मला," रावया म्हणाली, आणि ती खरंच रडत होती.

दालियाने पुढे होऊन सासऱ्यांचा हात हातात घेतला. "मामंजी, माझ्यासाठी खोटं बोलू नका. मी बघून घेईन यांना." जोडे घालायला सगळे बाहेर पळाले.

खोलीत तिघं उरली. रनीमने नजर वहीत घातली.

"परत म्हणा, उस्ता," इन्शिराह म्हणाली.

"मला बोट लागते, वजदीच्या आई. पहिल्यापासून."

तिने लिंबाची ताटली हळूच टेबलावर ठेवली. "बरं," ती म्हणाली. "टोपी घ्या. वारा आहे."

जिना उतरताना ती त्यांच्या मागे होती. दुसऱ्या मजल्यावर ती म्हणाली, "मला नाईलही चालेल." बोलताना तिने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. खोटं बोलताना ती नेहमी रुमाल सारखा करी, हे उस्तांना ठाऊक होतं. ते कठडा धरून उतरत राहिले.

लाँच दुपारी तीन चाळीसला धक्क्यावरून सुटली. चार वाजता बांधाच्या टोकावरचा दिवा मागे गेला, तेव्हा रनीमने घड्याळ शून्यावर लावलं. दिव्याच्या बुरुजावर पाण्याची उंची दाखवणारे पट्टे रंगवलेले होते. त्यांवरून तिने लाट मोजली. सरासरी नव्वद सेंटिमीटर. दोन लाटांमध्ये पाच सेकंद. वारा वायव्येचा.

"ही काय लाट आहे!" वजदी पहिल्या मिनिटाला म्हणाला. चौथ्या मिनिटाला त्याने कोराल्लाच्या घसरगुंड्यांविषयी बोलायला सुरुवात केली आणि सहाव्या मिनिटाला वाक्य अर्धवट सोडलं.

"काय झालं, डॉक्टर?" दालियाने विचारलं.

"काही नाही. ऊन."

नवव्या मिनिटाला तो लाँचच्या डाव्या बाजूवरून वाकला.

"म्हैस!" मम्दूह आनंदाने ओरडला, पण त्याला कोणी साथ दिली नाही, कारण अकराव्या मिनिटाला उस्ता बहगत उजव्या बाजूवरून वाकले.

वजदीनेसुद्धा मान वर करून पाहिलं.

"बाबा खरंच सांगत होते," रावया हळूच म्हणाली.

"मी म्हणालो होतो," उस्ता पाण्याकडे तोंड करून म्हणाले.

मम्दूहने तेराव्या मिनिटापर्यंत तग धरला. त्याच्या पोटात आठपैकी दोन बोईट होते. रावयाला पंधराव्या मिनिटाला लागली आणि ती धावली ती नेमकी भावाच्या शेजारी.

"तिकडे नको, वाऱ्यावर येईल," वजदी म्हणाला. "इकडे ये. धर मला."

"तू धर मला."

"आईने पहिला रोजा तुझ्याकडेच सोडावा, बाई. मला काही नको आता."

"नको रे, तुझ्याकडेच सोडू दे तिला," रावया म्हणाली, आणि पुढचं बोलू शकली नाही. पंचवीस दिवसांच्या अबोल्याचा शेवट रनीमने पंधरा मिनिटं चाळीस सेकंद असा लिहिला. अठराव्या मिनिटापासून वहीतलं अक्षर दालियाचं आहे.

"नाईल!" मम्दूह लाँचच्या तळातून म्हणाला. "माझं मत नाईल!"

"नाईल," रावया म्हणाली.

"नाईल," वजदी म्हणाला. "मंदिरं सुंदर असतात. सगळे उगाच नावं ठेवतात. अश्मावी, फिरव लाँच!"

अश्मावीने सुकाणूवरचा हात हलवला नाही. या किनाऱ्यावर लाँच परत वळवायची ती तिच्यावर असलेल्या सर्वांत जुन्या कामकऱ्याच्या शब्दावर. तांडेलाच्या नाही, आणि भाडं देणाऱ्याच्या तर नाहीच. वजदीने हे लहानपणापासून ऐकलं होतं, पण त्या क्षणी त्याला ही चाल रानटी वाटली.

"उस्ता," अश्मावी म्हणाला, "तुम्ही बोला. फिरवू?"

उस्तांनी तोंड पुसलं. त्यांचा चेहरा लिंबाच्या आतल्या सालीसारखा झाला होता. लाँचच्या अगदी पुढच्या टोकावर इन्शिराह उभी होती. एका हाताने दोर धरलेला, दुसऱ्या हाताने दालियाचा खांदा. लाट आली की ती गुडघ्यांत जराशी वाकत होती आणि लाट गेली की सरळ होत होती. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"पुढे चल," उस्ता म्हणाले.

"बाबा!" तिघं एकदम ओरडली.

"पुढे चल रे."

मग ते गुडघ्यांवर आणि हातांवर, दोरांच्या वेटोळ्यांवरून, पुढे सरकत गेले. एकदा मध्ये थांबावं लागलं. ते एकोणिसावं मिनिट होतं. पुढे पोचल्यावर ते तिच्या पायांजवळ लाकडाला टेकून बसले. दालियाने जागा दिली आणि ती मागे आली.

"काय दिसतंय?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

"काहीच नाही," इन्शिराह म्हणाली. "पाणी."

"मला दोन्हीकडे वाळू दिसायची. छत्तीस वर्षं. डावीकडे वाळू, उजवीकडे वाळू."

"मग हे बरंय," ती म्हणाली.

"चव्वेचाळीस तास आहेत त्या ग्रीकावर."

"माहीत आहे. धक्क्यावर पोरीने तक्ता दाखवला."

"मी बाकावर बसू शकणार नाही तिथे. असाच खाली बसेन."

"बसा की. मी उभी राहीन."

चाळिसाव्या मिनिटाला दालियाने मम्दूहच्या खिशातून त्याचा मोबाइल काढला. त्याने विरोध केला नाही. प्रवास-कचेरीतल्या बाईला आवाज नीट ऐकू येत नव्हता.

"अस्पासिया," दालिया ओरडून म्हणाली. "हो, सगळेच. सात मोठे, दोन मुलं… नाही, दुसरं नको… कोण रडतंय? कोणी नाही हो, माझे यजमान आहेत… हो, पुढच्या टोकाजवळच्या केबिनी… काय? तिथे हलतं जास्त? माहीत आहे आम्हाला. द्या."

"दालिया," वजदी म्हणाला, "दुकानाच्या दुसऱ्या कपाटात, वरच्या खणात, निळी खोकी आहेत."

"किती घेऊ?"

"सगळी."

लाँच साठाव्या मिनिटाला वळली. वळायचा शब्द उस्तांनीच दिला, इन्शिराहने 'आता भूक लागली' असं म्हटल्यानंतर. दालियाने अश्मावीच्या यंत्रावरचा आकडा पाहिला आणि वहीच्या त्या पानावर शेवटच्या तीन ओळी लिहिल्या.

उस्ता : अकरावं, एकोणिसावं, चोविसावं, एकतिसावं, अडतिसावं मिनिट. एकूण पाच.

इन्शिराह : शून्य.

बांधाच्या दिव्यापासून सर्वांत दूरचं अंतर : चार पूर्णांक दोन सागरी मैल.